ओरखडा घासण्याआधी नख फिरवा

गाडीवर ओरखडा दिसला की हात आपोआप पॉलिशकडे जातो. माझाही जायचा. दाराच्या कडेवर तावातावाने कंपाउंड (ओरखडा घासून काढणारं पॉलिश) घासलं आणि रंगाखालचा प्रायमर वर आला, तेव्हा थांबलो. कडेवर रंगाचा थर मुळातच पातळ असतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता आधी गाडी शाम्पूने धुतो. धुळीचा एक कण फडक्याखाली राहिला तर तोच नवे ओरखडे पाडतो. मग नख आडवं फिरवतो. नख अडकलं नाही आणि पाणी लावल्यावर रेघ दिसेनाशी झाली, तर ती बहुधा क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. पुन्हा पुन्हा घासायला तो पुरत नाही.

कंपाउंड सावलीत, पत्रा गार असताना लावा. मायक्रोफायबरच्या फडक्यावर वाटाण्याएवढं घ्या, हलका दाब द्या, आठ-दहा हात मारून पुसून बघा. सर्वांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करा. टूथपेस्टच्या नादी लागू नका. शेवटी वॅक्स.

कधीकधी तो ओरखडा नसतोच, दुसऱ्या गाडीचा रंग चिकटलेला असतो. तो टार रिमूव्हरनेही (डांबराचे डाग काढायच्या द्रवाने) निघतो, पण आधी कोपऱ्यात लावून बघा.

नख अडकलं तर घासू नका. टच-अप पेन, म्हणजे गाडीच्याच रंगाचं पेन आणा. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असतो. पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरण्याआधीच हे उरका.