चिमटा न मारलेलं तिकीट

परवा शेजारच्या गावचा एक पोरगा वडिलांना घेऊन आमच्या छपरीत येऊन बसला. जर्मनीत ड्रेस्डेनला अ‍ॅडमिशन झालंय, ऑक्टोबरात निघायचंय. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायचे पैसे), एपीएस (मार्कशीट तपासल्याचं सर्टिफिकेट), लोनचे कागद हे सगळं त्याला माझ्याहून जास्त पाठ होतं. वडील हात धुवायला उठले तसं त्याने हळूच विचारलं, "दादा, फिराले भेटते का तिकडं?"

भेटते ना. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, थोडं जास्त लिहितोय. कारण तेव्हा बाजूला बाजेवर बाबा बसले होते आणि मला एक गोष्ट गाळावी लागली होती. बाबा बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, हे आधीच सांगून ठेवतो.

मी ड्रेस्डेनलाच शिकत असताना २०२४ च्या मे महिन्यात गेलो, चेकची राजधानी प्रागला. सोबत आर्वीकडचा मित्र, त्याला आर्वीवालाच म्हणतो. ड्रेस्डेनहून थेट गाडीने प्राग जेमतेम अडीच तास. आम्ही मात्र पैसे वाचवायला टप्प्याटप्प्याने गेलो. आमचं कॉलेजच्या फीतच येणारं सेमिस्टर तिकीट लोकल गाडीला सीमेपर्यंत चालतं, म्हणून बाड शांडाऊपर्यंत फुकट, पुढे सीमेपलीकडच्या डेचिनपर्यंत छोटी गाडी, तिथून चेक रेल्वे. वेळ बराच जास्त लागतो, पण एल्बे नदीच्या कडेकडेने, वाळूच्या दगडाच्या कड्यांखालून गाडी जाते. शकुंतला नावाच्या आमच्या रखडत चालणाऱ्या छोट्या रेल्वेत बसून मूर्तिजापूर-यवतमाळ केलेल्या माणसाला वेळेचं काय कौतुक!

कागदपत्रांचं एकदाच सांगतो. जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड असलं तर दुसऱ्या शेंगेन देशात (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही सोबत हवेत, दोन्ही मूळ प्रती. मोबाईलमधला फोटो दाखवून काम भागत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीने चेक सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे आणि परतीच्या गाडीत पोलीस चढतात. "युरोपात बॉर्डरच नसते" असं सांगणारा सीनियर भेटला तर त्याला चहा पाजा आणि विसरून जा.

आता तिकीट.

प्रागच्या मुख्य स्टेशनवर उतरलो तेव्हा दोघंही थकलेले. मेट्रो तिथेच खाली आहे. मी म्हटलं, तिकिटाचं माझ्यावर सोड, आमच्या घरात तिकिटावरच चूल पेटली. मशीनवर कार्ड लावलं, ३० मिनिटांची दोन तिकिटं काढली, तेव्हा ३० कोरुनाला (चेकचं चलन) एक मिळायचं. दोन्ही शर्टाच्या खिशात ठेवली. गेट नाही, दांडा नाही, अडवणारं कोणी नाही. सरकत्या जिन्याने खाली आणि गाडीत. एकच स्टेशन पुढे म्यूझेयम, तिथे लाल लाइन सोडून हिरवी धरायची होती.

म्यूझेयमच्या बोळातच एक साधा माणूस आडवा आला. अंगात जॅकेट, पाठीवर बॅग, तुमच्या-माझ्यासारखा. तळहातात बिल्ला. मी ऐटीत दोन्ही तिकिटं काढून दिली. त्याने ती उलटी केली, सुलटी केली आणि एका टोकाच्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवला. एका बाजूला बाण छापलेला आणि त्यापुढे काहीच नाही. पांढरं. "नो स्टॅम्प," तो म्हणाला.

मी समजावत राहिलो की तिकीट विकत घेतलंय, कार्डाचा मेसेज बघा, दहा मिनिटांपूर्वीचा. त्याने मान हलवली. पैसे दिले नाहीत असं तो म्हणतच नव्हता. तिकीट अजून सुरूच झालेलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आणि ते खरं होतं. माझ्या खिशातलं कोरं तिकीट मी संध्याकाळी वापरलं असतं, दुसऱ्या दिवशी वापरलं असतं, कोणाला कळलं असतं?

आपल्याकडे कंडक्टर गर्दीतून वाट काढत तुमच्यापर्यंत येतो. पूर्वी ट्रेमधून तिकीट काढून चिमटा मारायचा, आता मशीनमधून कागद फाडून देतो. प्रवाशाने ते तिकीट उतरेपर्यंत जपायचं, एवढंच. तिथे कंडक्टर नाही, त्याचा चिमटा भिंतीजवळ उभा करून ठेवलाय. मेट्रोत खाली उतरायच्या आधी पिवळ्या रंगाचा छोटा डबा असतो, ट्राममध्ये आत दांड्याला असतो. तिकिटावरचा बाण डब्याकडे करून आत सारायचं, खट् आवाज येतो, तारीख आणि वेळ छापली जाते. तिथून तुमची ३० मिनिटं सुरू. बाहेर काढल्यावर छापलंय का ते डोळ्यांनी बघा, कधी कधी शाई फिकी असते. आणि लाइन बदलताना, ट्राम बदलताना पुन्हा सारू नका. दोनदा छापलेलं तिकीटही बाद. ट्राममध्ये चढून कार्डाने घेतलेलं तिकीट आधीच छापून येतं, ते सोडून द्या. अ‍ॅपवर घेतलंत तर चालू करण्याचं बटण वेगळं असतं आणि ते दाबल्याबरोबर तिकीट लागू होत नाही, जरा थांबावं लागतं. चेकर दिसल्यावर दाबणाऱ्यांसाठीच केलंय ते.

मी का फसलो? ड्रेस्डेनमध्ये आठ महिने मोबाईलवर क्यूआर कोड दाखवत फिरलो. फीबरोबर तिकीट येतं, छापायचं काही नसतं. त्यामुळे तो डबा डोळ्यांसमोर असून दिसलाच नाही.

दंड जागेवर भरला तर तेव्हा माणशी १,००० कोरुना होता. ४० युरो. मनातल्या मनात रुपये करू नका असं सगळे सांगतात, पण होतातच. साडेतीन हजारांवर. आमच्याकडे अर्धा क्विंटल कापूस. दोघांचा मिळून एक. आर्वीवाला काहीच बोलला नाही, पाकिटातून पैसे काढून मोजले. जिना चढून वर उजेडात आलो तेव्हा म्हणाला, "तुझा बाप कंडक्टर आहे ना बे?"

इथे माझं एक मत नोंदवून ठेवतो, पटलं तर घ्या. काही सीनियर सांगतात की तिकीट काढूच नका, महिन्यातून एकदा दंड भरला तरी स्वस्त पडतं. हिशेब कदाचित बरोबर असेलही. पण आपल्या पोरांपैकी बरेच जण घरी खोटं बोलायच्या सवयीचे नसतात आणि फोनवर आईने विचारलं, "कसा झाला रे प्रवास?" की जीभ अडखळते. माझी तर प्रामाणिक चूक होती, तरी अडखळली.

एवढं झालं म्हणून घाबरून खोलीत बसू नका. त्याच रात्री हॉस्टेलच्या सहा जणांच्या खोलीत झोपलो आणि पहाटे पाचला उठून चार्ल्स पुलावर गेलो. दिवसा त्या पुलावर पोळ्याच्या बाजारासारखी गर्दी असते, पहाटे आम्ही दोघं आणि फोटो काढणारं एक जोडपं. १३५७ साली बांधायला घेतलेला पूल, ५१६ मीटर लांब, दोन्ही कडांना मिळून तीस पुतळे, खाली व्ल्टावा नदी. बॅगेतून ब्रेड आणि जवसाची चटणी काढली. आर्वीवाला कठड्यावर थाप मारून म्हणाला, "आमच्या नाल्यावरचा रपटा दर पावसाळ्यात वाहून जाते." आदल्या दिवशीचं त्याचं तोंड तेव्हा कुठे सुटलं.

१४१० सालचं खगोलीय घड्याळ बघायला तासाच्या ठोक्याला गर्दी होते. खिडकीतून प्रेषितांचे पुतळे फिरतात आणि बघता बघता संपतं. तेवढ्यासाठी अर्धा तास मान वर करू नका. गल्लोगल्ली मिळणारं ट्रडेल्निक, म्हणजे भाजलेल्या पिठाची गोड गुंडाळी, एक खाऊन बघा, दोघांत एक. मांस खात नसाल तर स्माझेनी सीर मागा, म्हणजे तळलेलं चीज. पोट भरतं.

पैशाचं मात्र ऐका, कारण इथे आर्वीवाला माझ्याहून शहाणा निघाला. चेकमध्ये युरो नाही, कोरुना चालतो. एटीएमने "तुमच्या चलनात हिशेब करू का?" विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर भाव ते ठरवतात. आर्वीवाल्याने ५० युरो पैसे बदलून देणाऱ्या एका खिडकीवर बदलले आणि हातात १,००० कोरुना आले, जिथे साडेबाराशेच्या आसपास यायला हवे होते. पण त्याने पावती घेतली होती. २०१९ पासून तिथे नियम आहे, १,००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. तो पावती घेऊन परत गेला, खिडकीतल्या बाईने तोंड वाकडं केलं आणि ५० ची नोट सरकवली. मी असतो तर गेलो नसतो. लाजेने.

तो पोरगा गेला त्या रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं. म्यूझेयमचा बोळ, बिल्ला, अंगठा, सगळं. मला वाटलं होतं हसतील, नाहीतर चिडतील तरी. त्यांनी घास थांबवला.

"टायम मारला नव्हता ना तिकिटावर?"

"नाही."

"मंग बरोबर केलं त्यानं." थोडं थांबून म्हणाले, "पावती देल्ली काय?"

पासपोर्टच्या पाकिटात होती अजून. काढून दिली. चेकमधलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. तरी चश्मा लावून त्यांनी आधी रक्कम बघितली, मग तारीख, मग नंबर, आणि घडीवर घडी घालून परत दिली.

"वाढ भाजी," ते आईला म्हणाले.