दुहेरी नोंदी शोधताना आधी गट पाडा
वाचनालयाच्या सभासदांच्या जुन्या-नव्या याद्या एकत्र करताय? 10,000 नोंदींत प्रत्येक नोंद दुसरीशी ताडून पाहायची तर जवळपास 5 कोटी जोड्या होतात. त्याऐवजी पिनकोडनुसार गट पाडून फक्त गटातल्या गटात तुलना करा. सारखे 50 गट पडले तर जोड्या 10 लाखांच्या आत येतात. पिनकोड कुठेतरी चुकलेला असतोच, म्हणून जन्मवर्षानुसार दुसरी फेरी घ्याच.

त्याआधी गोव्यात गावांची नावं एकसारखी करून घेणं फार महत्त्वाचं: पणजी आणि पांजिम, म्हापसा आणि मापुसा. आडनावांतही नाईक आणि नायक. नाव जुळलं म्हणून लगेच नोंद पुसू नका, जन्मतारीख बघा. एकाच वाड्यावर एकाच नावाचे आजोबा-नातू सापडतात.