हरणाच्या रायफलीसाठी काडतुसे घरी भरताय? या चुका टाळा

नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती पावडर आणि किती ग्रेन (पावडरीच्या वजनाचे माप)? त्याची रायफल हातात घेऊन पाहावी, तर स्कोपच्या (नेम धरायच्या दुर्बिणीच्या) बेसचा स्क्रू नुसत्या बोटांनी फिरतो. अशा रायफलीला जगातली कोणतीही पावडर सुधारू शकत नाही. आधी रायफल, मग काडतूस. हा क्रम उलटा केला की पैसे जातात, हंगाम जातो आणि शेवटी भलत्याच गोष्टीवर खापर फुटते.

हे सगळे अमेरिकेत रीतसर परवाना काढून, हंगाम पाळून हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवला आहे आणि परवान्याशिवाय काडतुसे भरणे हा तिथे शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. खालची उदाहरणे रेमिंग्टन ७०० या बोल्ट रायफलीची आणि थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे .३०-०६ काडतुसाची आहेत. पेनसिल्व्हेनियापासून कोलोरॅडोपर्यंत ही जोडी भरपूर दिसते.

सैल रायफलीसाठी काडतूस शोधणे

लाकडी दस्त्याच्या एका ७०० चे उदाहरण घ्या. मालकाने हिवाळाभर चार पावडरी, तीन तऱ्हेच्या गोळ्या आणि प्रायमरची (पावडर पेटवणाऱ्या टिकलीची) खोकी संपवली. १०० यार्डांवर पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ, तिसरी दीड इंच उजवीकडे, चौथी आणखी उजवीकडे. दर शनिवारी त्याचा निष्कर्ष एकच: ही पावडर या नळीला मानवत नाही. दस्ता उतरवला तेव्हा पाच मिनिटांत उत्तर मिळाले. दस्त्याच्या पुढच्या टोकाला, डाव्या बाजूला, लाकडावर घासल्याची चकाकी होती. दमट हवेत लाकूड फुगले होते. नळी तापली की ती तिथे टेकायची आणि उजवीकडे ढकलली जायची. चारही पावडरी निर्दोष होत्या.

ही तपासणी फुकट आहे. डॉलरची नोट दुहेरी घडी करून नळी आणि दस्ता यांच्यामध्ये घाला आणि पार मागे, रिसीव्हरपर्यंत (नळी जिथे बसवलेली असते त्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) सरकवा. जिथे अडेल तिथे गोल दांड्याला सँडपेपर गुंडाळून लाकूड घासा. घासलेल्या उघड्या लाकडाला सीलर लावायला विसरू नका, नाहीतर पुढच्या पावसाळी आठवड्यात ते पुन्हा फुगेल.

दुसरी तपासणी बेडिंगची, म्हणजे अ‍ॅक्शन (रिसीव्हर आणि बोल्ट) दस्त्यात नीट टेकून राहावी म्हणून इपॉक्सीने केलेल्या बैठकीची. रायफल रिकामी आहे याची खात्री करून ती उभी धरा. दस्त्याच्या पुढच्या टोकाशी नळी आणि लाकूड या दोन्हींवर एकदम बोट ठेवा आणि दुसऱ्या हाताने पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू सैल-घट्ट करा. बोटाखाली नळी हललेली जाणवली तर अ‍ॅक्शन दस्त्यात वाकून बसली आहे. तिला बेडिंग हवे.

बेडिंग करताना लोक घाई करतात आणि अ‍ॅक्शन कायमची चिकटवून बसतात. इपॉक्सी मळण्याआधी स्क्रूची भोके, ट्रिगरची पोकळी, अ‍ॅक्शनवरचा प्रत्येक खाचखळगा मॉडेलिंग क्लेने भरा. एका खाचेत शिरलेली इपॉक्सी वाळली की ती कुलपासारखी अडकते. रिलीज एजंटचे (इपॉक्सी चिकटू न देणाऱ्या लेपाचे) दोन पातळ थर द्या, स्क्रूंनाही द्या. रिकॉइल लगच्या (धक्का दस्त्यावर देणाऱ्या, रिसीव्हरखालच्या ठोकळ्याच्या) पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली इलेक्ट्रिकल टेपचा एक थर चिकटवा, म्हणजे धक्का फक्त लगच्या मागच्या पृष्ठभागावर येईल. इपॉक्सी वाळेपर्यंत स्क्रू जेमतेम धरून ठेवण्याइतकेच फिरवा. आवळले तर जो ताण काढायला बसलो तोच इपॉक्सीत गोठतो. मग २४ तास हात लावायचा नाही. सहा तासांनी ‘जरा उचलून बघू’ म्हणणाऱ्याने हे काम गनस्मिथकडे द्यावे, त्यात कमीपणा नाही.

स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा. अ‍ॅल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवती बसवलेल्या नळ्या) असलेल्या दस्त्यात ७०० चे अ‍ॅक्शन स्क्रू साधारण ६५ इंच-पौंड सोसतात. नुसत्या लाकडात ४० च्या आसपास थांबा, नाहीतर लाकूड चेपत राहते आणि दर महिन्याला रायफल वेगळी वागते. स्कोपच्या रिंगांना १५ ते १८ पुरे. आटे कोरडे आणि तेलविरहित असावेत, कारण तेलकट आट्यावर तोच आकडा कितीतरी जास्त आवळतो.

डाय खाली टेकवून वर पाव फेरा

डाय म्हणजे उडवलेली पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) दाबून पुन्हा मापात आणणारा साचा. तिच्या डबीतल्या कागदावर बहुधा हेच लिहिलेले असते: शेल होल्डरला (पुंगळी धरणाऱ्या खोबणीला) टेकेपर्यंत डाय खाली आणा, मग आणखी पाव फेरा द्या. ती सूचना कुठल्याही रायफलीत काडतूस बसावे म्हणून असते. तुमच्या रायफलीचे चेंबर (काडतूस बसते ती नळीची मागची पोकळी) थोडे लांब असेल तर याच सवयीने पुंगळीचा खांदा (तोंडाजवळचा उतार) दर वेळी सहा-आठ थाऊ मागे जातो. पुण्या-कोल्हापुरात वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना थाऊ सांगायला नको. इतरांसाठी, इंचाचा हजारावा भाग.

खांदा मागे गेला की पुंगळी चेंबरमध्ये ढिली बसते. बार उडाला की पुढचे पातळ पितळ चेंबरच्या भिंतीला चिकटते, जाड बूड मात्र मागे बोल्टवर जाऊन आपटते. मधले पितळ ताणले जाते. नेहमी त्याच जागी, बुडाच्या थोडे वर. तीन-चार वेळा भरल्यावर तिथे बाहेरून चकचकीत कडे दिसू लागते, आणि एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होतात: बूड बाहेर, बाकीचे चेंबरमध्ये अडकलेले. .३०-०६ साठी ठरलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. तो वायू फटीतून मागे, तुमच्या चेहऱ्याकडे येतो. रेंजवर चष्मा न लावणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावे.

उपाय मोजण्यात आहे. त्याच रायफलीत उडवलेल्या पुंगळीचा खांदा हेडस्पेस कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी मोजायचे जोड-उपकरण) आणि कॅलिपरने मोजा. एकदाच उडवलेले पितळ पूर्ण फुललेले नसते, म्हणून दोनदा उडवलेली पुंगळी घ्या. डाय बरीच वर ठेवून सुरुवात करा आणि फेऱ्याच्या आठव्या हिश्शाने खाली आणत प्रत्येक वेळी मोजा. सुरुवातीला आकडा कमी होण्याऐवजी वाढेल. इथेच नवखे गोंधळतात आणि डाय एकदम खाली घालतात. कारण साधे आहे: डाय आधी पुंगळीचे अंग दाबते, दाबलेले पितळ पुढे सरकते, खांद्याला डाय अजून टेकलेलीच नसते. थोडे आणखी खाली गेलात की आकडा उतरू लागेल. खांदा एक ते दोन थाऊ मागे गेला की लॉकरिंग आवळा आणि त्या डायला पुन्हा हात लावू नका.

जुन्या पुंगळ्यांसाठी पेपरक्लिप सरळ करून टोक काटकोनात वाकवा, घासून अणकुचीदार करा आणि आत बुडापासून वर ओढा. खाच लागली की ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका. चेपायची अशासाठी, की उद्या चुकून परत डब्यात जाऊ नये. आणि एका डब्यातल्या सगळ्या पुंगळ्या एकत्र मोजून एकत्रच निवृत्त करा. एक गेली म्हणजे बाकीच्या तिच्या मागोमाग आहेत.

तीन गोळ्यांवर निर्णय

तीन गोळ्या, अर्ध्या इंचाचा ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचा पसारा), लगेच फोटो. त्याच काडतुसाच्या, त्याच नळीतून दहा गोळ्या मारा. सरासरीने दहाचा ग्रुप तीनच्या दीडपटीहून मोठा येतो. यात रायफलीचा दोष नाही, हे निव्वळ गणित आहे. म्हणून ०.३ ग्रेनच्या फरकाने भरलेल्या दोन काडतुसांचे तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप शेजारी ठेवून ‘हे चांगले’ म्हणणे निरर्थक आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मे. त्याचा तिसरा हिस्सा तीन भोकांवरून वाचता येत नाही. दोनच काडतुसे निवडा आणि प्रत्येकी निदान दहा गोळ्या, नळी गार होऊ देत, वेगवेगळ्या दिवशी मारा. हरणाच्या रायफलीला १०० यार्डांवर दीड इंचात दहा गोळ्या पुरतात. त्याखाली जायला जी मेहनत लागते ती गुडघ्यावर आणि काठीच्या आधाराने नेम धरण्याच्या सरावात घाला.

पावडर

टेबलावर एका वेळी एकच डबा. एच४३५० आणि आयएमआर ४३५० ही नावे सारखी दिसतात, पावडरी वेगळ्या आहेत आणि त्यांचे तक्तेही वेगळे. काम संपताच मेझरमधली (पावडर मोजून टाकायच्या साधनातली) पावडर मूळ डब्यात परत गेलीच पाहिजे. रात्रभर मेझरमध्ये राहिलेली आणि कोणती ते खात्रीने आठवत नसलेली पावडर टाकून द्यायची. वीस-तीस डॉलर वाचवायला बोटे पणाला लावू नका.

चार्ज, म्हणजे पावडरचे प्रमाण, नेहमी छापील मॅन्युअलमधून घ्या आणि तिथल्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढा. इंटरनेटवर कुणी सांगितलेला कमाल चार्ज त्याच्या नळीचा असतो. सपाट झालेला प्रायमर, बुडावर उमटलेली इजेक्टरची खूण, जड उचलणारा बोल्ट ही दाबाची लक्षणे उशिरा दिसतात; ती दिसेपर्यंत मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचे यंत्र) वापरा. नळीच्या लांबीचा हिशेब धरून मॅन्युअलमधला कमाल वेग आला की लक्षण असो वा नसो, तिथेच थांबा. गोळी, प्रायमर, पितळाची कंपनी किंवा पावडरचा लॉट बदलला तर परत खालून सुरुवात. लष्करी पितळ बहुधा जाड असते, आत जागा कमी राहते आणि त्याच चार्जला दाब वाढतो.

फेब्रुवारीच्या थंडीत कमाल चार्ज गाठून ठेवणाऱ्यांनी जुलैत तीच काडतुसे ट्रकच्या डॅशबोर्डवर तापवून उडवू नयेत. सगळ्याच पावडरींवर तापमानाचा परिणाम होतो, काहींवर फार. व्हार्गेट किंवा एच४३५० सारख्या पावडरी यात बऱ्याच स्थिर आहेत, म्हणून हरणासाठी त्या घेणे मला पटते.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

पुंगळीची लांबी न मोजणे: .३०-०६ ची कमाल २.४९४ इंच, कापून २.४८४ वर आणा.

डिजिटल काटा पंख्याखाली ठेवणे, आणि दर वीस काडतुसांनी वजन टाकून तपासायचा कंटाळा करणे.

खांद्यावर वंगणाचा थर. त्याने खळगे पडतात. मात्र वंगण अजिबात नसेल तर पुंगळी डायमध्ये रुतते.

उंच राहिलेला प्रायमर. बुडावरून बोट फिरवा, तो किंचित आतच लागला पाहिजे.

ट्रिगर हलका करत नेणे. थंडीत हातमोजे घालून शिकार करणाऱ्याला तीन पौंडांखाली जाण्याचे कारण नाही. फेरफार केल्यावर रिकाम्या रायफलीचा दस्ता रबरी चटईवर आपटून पाहा. चाप सुटला तर ती रायफल जंगलात न्यायची नाही.

शिशाच्या गोळीचा तक्ता तांब्याच्या गोळीला लावणे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, त्यामुळे तांब्याकडे पुष्कळ जण वळले. तांबे हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त आत शिरते आणि जागा खाते. तिचा तक्ता वेगळा घ्या.

बार ‘फुस्स’ वाजला की थांबा, बोल्ट काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

गोळी फार पुढे बसवणे

बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी करणारे) गोळी नळीच्या लँड्सना (आतल्या उंच पिळांना) टेकवून बसवतात, ते वाचून शिकारीही तसेच करतात. मग संध्याकाळी रायफल रिकामी करताना गोळी नळीतच अडकून राहते, पुंगळी एकटी बाहेर येते आणि पावडर ट्रिगरमध्ये आणि लॉकिंग लगच्या खाचांत सांडते. नोव्हेंबरच्या अखेरीस, अंधारात, बधिर बोटांनी ती साफ होत नाही. .३०-०६ ची एकूण लांबी ३.३४० इंचांच्या आत आणि मॅगझिनमध्ये सुटसुटीत मावेल इतकी ठेवा, लँड्सपासून २० थाऊ तरी मागे. हंगामाच्या आठवडाभर आधी, रेंजवर, नळी मातीच्या बांधाकडे धरून, जंगलात न्यायचे प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून बाहेर काढा. जे अडखळेल ते सरावाच्या डब्यात.