जुन्या डिझेल पिकअपचा ब्रेक आणि डॅशबोर्डवरचे दिवे: दोष कसा शोधावा

नारायणगावहून टोमॅटो वाशीला न्यायचा, तर आमच्याकडच्या बऱ्याच पिकअप माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतात. अशाच एका फेरीत उतारावर माझ्या गाडीचा बॅटरीचा लाल दिवा लागला. चार्जिंगचं खाली गेल्यावर बघू म्हणून मी थांबलो नाही. दोन-तीन वळणांनंतर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं. गिअर उतरवत, सगळा भार पायावर देत गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला घेतली. बॅटरीच्या दिव्याचा ब्रेकशी संबंध असतो हे त्या दिवशी कळलं.

संबंध सरळ आहे. पाय हलका लागावा म्हणून ब्रेकला बूस्टर असतो आणि तो व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून काढलेल्या पोकळीच्या ओढीवर, चालतो. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम हवा आत घेण्याच्या मार्गातूनच मिळतो, डिझेलमध्ये पुरेसा मिळत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो, आणि आपल्याकडच्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या, पाठीवर बसवलेला असतो. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला की चार्जिंगही बंद आणि व्हॅक्यूमही. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो, पुढे सगळा जोर आपल्या पायाचा. अशा वेळी पेडल पंप करू नका, प्रत्येक दाबाला उरलेला व्हॅक्यूम खर्च होतो. एकदाच जोरात दाबून धरा, गिअर उतरवा. पेडल उलट तळाला जात असेल तर मात्र भराभर पंप करायचं आणि हँडब्रेक हळूहळू ओढायचा. हा फरक ड्रायव्हरला झोपेतही आठवायला हवा.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, रिकामी, चाकांना दगड लावून उभी करा.

चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. ब्रेकचा, बॅटरीचा आणि ऑइल प्रेशरचा, तिन्ही दिवे लागले पाहिजेत. ब्रेकचा दिवा हँडब्रेक ओढून बघा. एखादा लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय. जुनी गाडी विकत घेताना हे आधी बघा. दिवा दिसत नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. इंजिन चालू झाल्यावर आणि हँडब्रेक सोडल्यावर तिन्ही विझले पाहिजेत. ऑइल प्रेशरचा दिवा राहिला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा.

ब्रेकचा दिवा विझत नसेल तर हँडब्रेकचा दांडा हाताने खाली दाबा. दिवा लुकलुकला की समजा, स्विच अडकलाय किंवा केबल जास्त ताणलीय. तसं नसेल तर ब्रेक ऑइलची बाटली बघा. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर लगेच भरू नका, हे मी कळकळीने सांगतो. पॅड (चाकाची डिस्क आवळणाऱ्या पट्ट्या) झिजले की पातळी आपोआप उतरते, आणि वर ऑइल ओतलं की पॅड संपल्याची खूण पुसली जाते. आधी पुढचे पॅड आणि मागच्या ड्रममधले लायनर (आतून घासणाऱ्या पट्ट्या) बघा. ते जाड असतील तर ऑइल कुठेतरी गळतंय. पातळी बरोबर असूनही दिवा राहतो तेव्हा बाटलीच्या झाकणाचं किंवा तळाचं वायरचं कनेक्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत याने दिवा विझतो. विझला तर आतला फ्लोट (ऑइलवर तरंगणारा तुकडा) किंवा त्याचा स्विच खराब आहे.

गळती शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: मागच्या ड्रमच्या आतली बाजू, रबरी होस, मागच्या अ‍ॅक्सलवरचे गंजलेले पाइप, आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणारा) जिथे बूस्टरला मिळतो तो सांधा. मागच्या चाकावर ओल दिसली की हबचं (चाकाच्या मधल्या भागातलं) ऑइल की ब्रेकचं, हा प्रश्न पडतो. एक थेंब बोटावर घ्या आणि पाण्याखाली चोळा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून धुऊन जातं. हबचं ऑइल चिकट राहतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल रंग खातं, पत्र्यावर सांडलं तर लगेच पाणी मारा.

आता पायाने तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर व्हॅक्यूमचा मार्ग धरा: बूस्टरवरची नळी काढा, इंजिन चालू असताना तोंडावर अंगठा ठेवा. जोरात ओढ लागत असेल तर पंप ठीक आहे, संशय बूस्टरवर आणि नळीतल्या एकदिशा व्हॉल्व्हवर. ओढ नसेल तर इंजिन बंद करून पट्टा, नळीच्या चिरा आणि पंपाला जाणारा इंजिन ऑइलचा पाइप बघा. अल्टरनेटर तेलाने माखला असेल तर पंपाचा सील गेलाय, आणि उशीर केला तर अल्टरनेटरही जाईल. मल्टिमीटर असेल तर बॅटरीवर लावा: इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट, चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. चालू असतानाही 12 च्या आसपासच असेल तर चार्जिंग नाही.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर झिजलेत. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्याला वर, टणक लागत असेल तर बहुतेक वेळा मागचे लायनर सैल पडलेले असतात. हवा काढून घेण्याआधी ते अ‍ॅडजस्ट करून बघा.

ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मंद लुकलुकतो, अशी तक्रार बरेच जण घेऊन येतात. तो ब्रेकचा दोष नाही, मागच्या दिव्याचं अर्थिंग खराब आहे. नटाजवळचा गंज घासून काढा.

दुरुस्तीनंतर मोकळ्या जागेत 20 च्या वेगाने चार-पाचदा ब्रेक मारा, मग थोडं अंतर चालवून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू मात्र नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. हे सगळं रिकाम्या गाडीवर झाल्यावरच माल भरा, आणि पहिली फेरी घाटाची ठेवू नका.