बाळाच्या वाटीत आठ गट

"खातच नाही हो काही," म्हणत पालक माझ्याकडे येतात. मी आधी बाळाचं वजन तक्त्यावर बघते आणि मग विचारते, कालच्या दिवसात त्याच्या पोटात काय काय गेलं? दूध, भात, बिस्किट, पुन्हा दूध. पोट भरतं, पण लोह, जस्त, अ जीवनसत्त्व कुठून मिळणार?

म्हणून घास मोजत बसू नका, गट मोजा. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आठ गट धरले आहेत: आईचं दूध; धान्यं-कंद; डाळी, कडधान्यं, दाणे, बिया; दूध-दही; मांस-मासे; अंडी; पालेभाज्या, गाजर, आंबा अशा अ जीवनसत्त्व भरपूर असलेल्या भाज्या-फळं; आणि बाकीच्या भाज्या-फळं. दिवसाला यातले किमान पाच हवेत. कागदावर आठ रकाने आखून स्वयंपाकघरात लावा. बाळाने थोडंसं जरी खाल्लं तरी खूण करा. आठवड्याभरात रिकामा रकाना समोर येतो.

माझं सगळ्यात जास्त लक्ष लोहाकडे असतं. जन्मतः मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फारच कमी असतं. मांसाहार चालत असेल तर मऊ शिजवलेला खिमा लवकर सुरू करा. नाहीतर डाळ घोटून वर लिंबाचे चार थेंब पिळा. क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. चहा लोह अडवतो, तो मुलांना नकोच. वर्षानंतर वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, नाहीतर जेवणाची भूकच उरत नाही.

डाळीचं नुसतं पाणी देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते. चमचा तिरका केला तरी घोटलेलं अन्न झरकन ओघळता कामा नये. इवल्याशा पोटात पाणी भरलं तर अन्नाला जागा कुठे राहणार? वर थोडं तेल किंवा लोणी घाला, अ जीवनसत्त्व शोषायला स्निग्धांश लागतो.

नवी भाजी थुंकली तर दोन दिवसांनी पुन्हा द्या, आवडीच्या पदार्थाशेजारी, बोटाच्या पेराएवढीच. आठ-दहा वेळा चाखल्यावर बरीच मुलं ती खाऊ लागतात. जबरदस्ती मात्र करू नका.

वर्षाच्या आत मध नाही. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकतात. दाण्यांचं बारीक कूट करा, द्राक्षं उभी चिरा. घरात दूध, अंडी, मांस यातलं काहीच चालत नसेल, तर ब-१२च्या पूरक औषधाबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. डाळी-भाज्यांतून ते मिळत नाही.