मे महिन्यात ओटा बंद, सिगडी गच्चीवर

इंदूरला मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता ओट्यापाशी उभं राहून स्वैपाक करणं फार कठीण आहे, आणि त्रास फक्त करणाऱ्यालाच होतो असं नाही. आपल्याकडे बहुतेक घरी कूलर, तो चालतो कोरड्या हवेवर. आणि गॅस जळला की उष्णतेबरोबर वाफ पण निघते, एक किलो गॅसमागे साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन घरात येतं, वर भाताची, कुकरची वाफ वेगळी. मग कूलर रात्रभर चालू आणि अंग तरी चिकचिकतंच. म्हणून पाऊस येईपर्यंत आमचा रात्रीचा स्वैपाक गच्चीवर असतो.

दिवस मावळला की गच्चीवर आधी पाणी मारा, स्लॅब दिवसभर तापलेला असतो. सिगडी चार विटांवर ठेवायची, थेट फरशीवर नको. आणि कूलरच्या बाजूला तर अजिबात नको, कूलर बाहेरची हवा ओढतो म्हणजे सगळा धूर बेडरूममध्ये. शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतील तर सांगून या. पाण्याची बादली जवळ ठेवा, सिंथेटिक ओढणी नको.

लाकडी कोळसा घ्या. पेटवायला कापूर आणि करवंटीचे तुकडे पुरतात, रॉकेल टाकू नका, वास खाण्यात उतरतो. सगळे घाई करतात ती इथे. ज्वाळा दिसल्या की लगेच भाजायला घेतात आणि मग बाहेरून काळं, आतून कच्चं. वीस-पंचवीस मिनिटं थांबा, कोळशावर पांढरी राख चढली की मग सुरू करा.

पहिली आंच जोरात असते तेव्हा वांगी, टोमॅटो, कांदे. वांग्याला चिरा देऊन लसूण खोचा, तेलाचा हात लावा. भरीत झालं की वरून जीरावन (आपला इंदुरी चटपटीत मसाला), लिंबू, बस.

बाफले, म्हणजे उकळून मग निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, करायचे तर कंडे (शेणाच्या गोवऱ्या) हवेत, पूर्ण वाळलेले. जाडसर कणीक अर्धा किलो, थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ आणि तुपाचं मोहन सढळ हाताने, पीठ घट्ट. गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगले की अजून थोडं शिजू द्यायचे, मग काढून नीट कोरडे करायचे. बाटी उकळत नाहीत, बाफला उकळतात, म्हणून तो आतून मऊ लागतो. ही उकळणीसुद्धा सिगडीवरच करा, नाहीतर पुन्हा घरात तीच वाफ. कंड्यांचा धूर पूर्ण संपला की निखाऱ्यांवर ठेवा, फिरवत राहा, तडकले की फडक्याने राख झटकून तुपात बुडवा. वरणाची डाळ सकाळी सहालाच शिजवून ठेवायची, संध्याकाळी फक्त फोडणी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, विझत आलेली सिगडी घरात आणू नका, खिडकी उघडी असली तरी नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वास नसतो, झोपेत माणूस जातो. रात्रभर वरच राहू द्या.

आणि खाली उतरण्याआधी उरलेल्या गरम राखेत तीन-चार कैऱ्या पुरून द्या, वर झाकण ठेवा. सकाळी साल काढून गर कुस्करला, गूळ, काळं मीठ, भाजलेलं जिरं घातलं की पन्हं तयार, आणि त्याला गॅस पेटवावा लागत नाही.