ओपन सोर्समध्ये कुणी दादच देत नाही? मग या चुका टाळा

लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षर फुटलं, फायरफॉक्सच्या मराठी मेन्यूत भलताच शब्द दिसला, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेली लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड) ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री रुसली. ही सगळी ओपन सोर्स सॉफ्टवेअरं, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता, वापरता, बदलता येतो अशी. तुम्ही तक्रार नोंदवली. आठवडा गेला, महिना गेला, कुणी फिरकलं नाही. किंवा फिरकलं ते 'पुरेशी माहिती नाही' एवढंच लिहून, तक्रार बंद करून गेलं. चिडचिड होणारच. पण अशा वेळी बहुतेकदा पलीकडे कोण बसलंय याचा आपला अंदाज चुकलेला असतो.

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणून देणारं एक छोटं टूल आम्ही तिघं सांभाळतो. तिघंही नोकरदार. ऑफिस सुटून डोंबिवली गाठून जेवणं उरकेपर्यंत साडेदहा वाजतात, त्यानंतर जमेल तेवढं काम. दिवाळी अंकांचा हंगाम आला की दादर-लालबागच्या डीटीपीवाल्यांचे निरोप सुरू होतात. त्यातून जे दिसलं ते, आणि जगभरच्या प्रकल्पांत जे घडून गेलं त्यातलं थोडं, इथे मांडतोय.

पलीकडे कोण आहे हे न बघताच भांडायला उभं राहणं

'ओपन सोर्स' या एका पाटीखाली अगदी निरनिराळी घरं आहेत. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे हिशेब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. त्यामागे फ्रॅपे ही आपल्या मुंबईतलीच कंपनी आहे. कोड खुला, कुणीही फुकट वापरावा. पण होस्टिंग (ते सर्व्हरवर चालवून देणं) आणि सपोर्ट विकत मिळतो आणि त्यावर कंपनी चालते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, बहुतांश काम आज मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. लिब्रेऑफिसमागे २०१० पासून द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था आहे. शिवाय काही कंपन्या पैसे घेऊन त्यात दुरुस्त्या करून देतात. आणि याच पाटीखाली असंख्य प्रकल्प असे आहेत, की ज्यांचा सगळा डोलारा एकाच माणसाच्या रविवारवर उभा असतो.

म्हणून तक्रार लिहिण्याआधी पाच मिनिटं काढा. शेवटचा बदल कधी झालाय? गेल्या वर्षभरात किती जणांनी हात लावलाय? सपोर्टसाठी पैसे घेणारं कुणी आहे का? आधीच्या तक्रारींना उत्तर मिळायला साधारण किती दिवस लागले? एवढं बघितलं की वाट किती पाहायची ते आपोआप कळतं. एकट्या माणसाच्या प्रकल्पात दोन दिवसांत उत्तर मागणं व्यर्थ. उलट, तुम्ही पैसे भरून सपोर्ट घेतला असेल तर खुशाल मागा, तो तुमचा हक्कच आहे.

मग पैसे नसताना ही माणसं राबतात कशासाठी? करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ या दोघांनी २८७ प्रकल्पांतल्या ६८४ डेव्हलपरांना हेच विचारलं होतं. २००५ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात स्वतःची गरज, डोक्याला मिळणारं खाद्य आणि नवं शिकणं ही कारणं वरचढ ठरली. गणपतीच्या मंडपात रात्री दोन वाजता बांबू बांधणाऱ्या पोरांना विचारा, बरंचसं असंच उत्तर मिळेल, वर मित्रांची संगत. त्याच पोराला दर्शनाच्या रांगेतला कुणी 'पंखा का लावला नाही?' म्हणून डाफरला, तर पंखा लागेलही. पोरगा पुढच्या वर्षी येईल का, हे सांगता येत नाही.

'वापरतो म्हणजे मी ग्राहक'

खुलं सॉफ्टवेअर कुठल्या अटींवर वापरायचं ते त्याच्या परवान्यात असतं. एमआयटी या परवान्यात ठळक मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की सॉफ्टवेअर आहे तसं मिळेल, कसलीही हमी नाही. जीपीएल या दुसऱ्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत कलम १५ आणि १६ हेच सांगतात. कुणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

मोठ्या कंपन्याही यात चुकतात. कर्ल हे इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं टूल डॅनियल स्टेनबर्ग अनेक वर्षं सांभाळताहेत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीत भयंकर भोक सापडलं आणि सगळीकडे पळापळ झाली. पुढच्याच महिन्यात एका बड्या अमेरिकन कंपनीने स्टेनबर्गना पत्र धाडलं, की या प्रकरणाचा तुमच्या सॉफ्टवेअरवर काय परिणाम झालाय ते २४ तासांत कळवा. कर्ल लिहिलंय सी भाषेत, लॉग४जेशी त्याचा सुतराम संबंध नाही. त्यांनी उत्तर दिलं: सपोर्टचा करार करा, आनंदाने सांगतो. मला हे उत्तर फार आवडतं. त्यात राग नाही आणि लाचारीही नाही.

गर्दी जमवून दबाव आणणं

'इतके दिवस झाले, अजून काहीच नाही', 'प्रकल्प मेलाय का?', 'जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या' असे शेरे मारून काम लवकर होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक्सझेडची गोष्ट जरूर माहीत करून घ्यावी.

एक्सझेड युटिल्स ही फाइल दाबून छोटी करणारी टूलं. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतात. ती सांभाळत होते फिनलंडचे लासे कॉलिन, एकटे आणि बिनपगारी. २०२२ साली काही खात्यांवरून त्यांच्यामागे टुमणं सुरू झालं, की काम फार संथ आहे, नवा माणूस घ्या. कॉलिननी स्वतःच्या मानसिक आरोग्याच्या अडचणी सांगितल्या, हा बिनपैशाचा हौशी प्रकल्प आहे याचीही आठवण करून दिली. टुमणं थांबलं नाही. त्याच सुमारास 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मन लावून मदत करत होतं. हळूहळू त्याच्या हाती किल्ल्या आल्या. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला. २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने तो उघडकीस आणला, तोही एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून!

दबाव आणणारी ती खाती त्याच कटातली बनावट खाती असावीत असा दाट संशय आहे. पण ती खपून गेली याचं कारण उघड आहे. खरेखुरे वापरकर्तेही रोज तसंच बोलतात, त्यामुळे वेगळं काही वाटलंच नाही.

दबावाऐवजी काय करायचं? तीन-चार आठवड्यांनी एकदा, नवी माहिती हाती असेल तर, शांतपणे आठवण करा. 'नव्या आवृत्तीतही हे होतंय, तपासलं' असं वाक्य चालतं. नुसतं 'काही अपडेट?' पुन्हापुन्हा नको.

'चालत नाही' एवढंच लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. आमच्याकडे आलेला एक नमुना: 'साहेब, तुमचं सॉफ्टवेअर मराठीची वाट लावतंय. अंक उद्या प्रेसला जातोय, संध्याकाळपर्यंत करून द्या.' सोबत मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो. तळमळ पोचली. पण दुरुस्त काय करायचं?

काही दिवसांनी दुसऱ्या एका डीटीपीवाल्या ताईंनी तीच अडचण अशी लिहिली: 'विंडोज १०, टूलची आवृत्ती अमुक. मूळ फाइलमध्ये वाऱ्यावर आहे, बदलल्यावर वार्यावर होतंय. सूर्य आणि कार्य मात्र बरोबर येतात. पाच ओळींची फाइल जोडलीय.' त्याच रात्री दुरुस्ती झाली. कारण 'सूर्य बरोबर येतो' या एका वाक्याने जागा दाखवून दिली. 'वाऱ्यावर'मधला र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. पण ते न दिसणारं चिन्ह वाटेत गळलं की डोक्यावर रफार बसतो आणि 'वार्यावर' होतं. आमच्या टूलमध्ये ते गळत होतं.

म्हणून मराठी मजकुराची तक्रार असेल तर फोटोवर भागवू नका. खरा मजकूर कॉपी करून द्या किंवा छोटी फाइल जोडा, फोटोत हे चिन्ह दिसणार कसं? फॉन्टचं नाव लिहा. मजकुराची भाषा मराठी निवडलीय की हिंदी, तेही लिहा. काही फॉन्टांत ल आणि श यांची वळणं त्यावरूनच ठरतात. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे शेजारी-शेजारी द्या. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी काही बिघडत नाही.

एआयकडून लिहून घेतलेली लांबलचक, न तपासलेली तक्रार मात्र नको. असल्या पोकळ अहवालांच्या पुराला कंटाळून कर्लने सुरक्षा-त्रुटी शोधणाऱ्यांसाठीची बक्षीस योजना जानेवारी २०२६ अखेर बंद केली.

टी-शर्टासाठी योगदान

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी खास. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती) करा, टी-शर्ट मिळवा अशी योजना होती. रीडमी या प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये एखादा शब्द घुसडलेल्या रिक्वेस्टींचा असा लोंढा आला, की आयोजक डिजिटलओशनला महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले. जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेवढेच मोजायचे ठरलं. रेझ्युमेसाठी काम करण्यात गैर काही नाही, वर सांगितलेल्या कारणांत शिकणं आहेच. फक्त तुम्ही रोज वापरता असा प्रकल्प निवडा. मराठी भाषांतरातल्या चुका शोधा, जुन्या तक्रारी नव्या आवृत्तीत अजून होतात का ते तपासून कळवा. या कामाला माणूस कायम कमी पडतो, आणि ते करणाऱ्याचं नाव प्रकल्पात लक्षात राहतं.

पैशांबद्दल दोन शब्द

इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही त्रुटी एप्रिल २०१४ मध्ये बाहेर आली, तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्यावर विसंबून होतं त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २००० डॉलर देणगी मिळत होती. तेव्हा तुमचा धंदा एखाद्या टूलवर चालत असेल तर पैसे जरूर द्या. पण 'पाचशे रुपये देतो, आज रात्रीत करा' असं नको. हौसेने फुकट केलं असतं तेच काम मग स्वस्तातली मजुरी वाटायला लागतं. देणगी आणि कामाची मागणी वेगवेगळी ठेवा. ठरलेल्या तारखेला काम हवंच असेल तर बाजारभावाने रीतसर काम द्या.

आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या चुका

सगळं खापर वापरणाऱ्यांवर फोडून चालणार नाही. 'लवकरच येतंय' असं लिहून सहा महिने गप्प बसणारा माणूस स्वतःच अपेक्षा वाढवत असतो. नाही जमणार तर नाही म्हणा. पाहुण्याने दिलेला कोड संकोचापोटी घेऊ नका. पाहुणा जातो, निस्तरत तुम्ही बसता. रीडमीच्या पहिल्या पाच ओळींत लिहून टाका: किती जण आहोत, कधी बघतो, काय करणार नाही. आम्ही 'फक्त शनिवार-रविवार. ऑक्टोबरात तातडीची कामं घेत नाही' एवढं लिहिल्यावर रागाचे निरोप बरेच कमी झाले.

राग आला तर सुट्टी घ्या, प्रकल्प गोठवा, दुसऱ्याला द्या. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स आणि फेकर या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांच्या लेखकाने मुद्दाम त्या मोडून ठेवल्या आणि हजारो प्रकल्प अडकले. फुकट राबवून घेणाऱ्या कंपन्यांवरचा त्याचा राग मला समजतो. पण झळ बसली त्यात त्याच्यासारखे एकांडे शिलेदारही होते.

सगळं नीट करूनही उत्तर नाही?

मग पर्याय शोधा. तोच प्रश्न कुणी आधी सोडवलाय का ते बंद झालेल्या तक्रारींतही बघा, कितीतरी उत्तरं तिथे पडून असतात. जुनी आवृत्ती चालत असेल तर काम होईपर्यंत ती वापरा, मात्र सुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअर असेल तर हा मार्ग नको. परवाना खुला आहे, तेव्हा फोर्क करून, म्हणजे कोडची आपली वेगळी प्रत काढून, ओळखीच्या एखाद्या डेव्हलपरकडून दुरुस्ती करून घेता येते. ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडेही पाठवा. आणि अंक उद्या प्रेसला जाणार असेल, तर आज रात्री शोधा-आणि-बदला वापरून 'र्या'चे 'ऱ्या' करून घ्या. फक्त एकेक शब्द बघत जा, सगळे एकदम बदलू नका, नाहीतर सूर्याचा सूऱ्या होईल.